देवळाच्या भिंतीवरचा सायकलस्वार

बालीच्या उत्तर किनाऱ्यावर, सिंगराजा शहराच्या पूर्वेला, कुबुतंबाहान नावाचं गाव आहे. तिथल्या ‘पुरा मेदुवे कारांग’ या देवळासमोर रामायणातल्या 34 दगडी मूर्ती ओळीनं उभ्या आहेत. देऊळ 1890 सालचं, कोरडवाहू पिकं राखणाऱ्या ‘जमिनीच्या धन्या’चं. आत गेलं की एका भिंतीवर सायकल चालवणारा माणूस दिसतो. अंगावर फुलाफुलांचं वस्त्र, भोवती वेलबुट्टी, चाकांपाशी कुत्रा आणि उंदीर. मागचं चाक म्हणजे चक्क उमललेलं कमळ. हा सायकलस्वार म्हणजे वेइनांड ओटो यान न्यूवेनकांप हा डच चित्रकार, असं मानतात. 1904 साली तो या बेटावर आला तेव्हा सायकल बरोबर घेऊन आला होता.

बाली आणि युरोपियन चित्रकार म्हटलं की बहुतेकांना 1927 साली तिथे गेलेला वॉल्टर स्पीस आठवतो. त्याच्या चित्रांतला धुक्यातून झिरपणारा उजेड सुंदर आहे, पण त्यातलं घर म्हणजे एक सावली. ते कशावर उभं आहे हे त्यावरून कळत नाही. न्यूवेनकांपचं तसं नाही. जन्म 1874 चा, हातात लेखणी आणि काळी शाई, नजर सोनाराची. विटांचा थर, छपराची कड, कोरीव पानाचा वळसा, सगळं रेघेरेघेनं कागदावर उतरवणारा. बालीच्या इमारतींचं वाचण्यासारखं चित्र प्रथम त्याच्याकडून मिळालं.

त्या काळी कॅमेरा होता, मग लेखणी कशाला? यात थोडं प्रकाशशास्त्र आहे. तेव्हाच्या नेहमीच्या काचेच्या प्लेटांना निळा प्रकाश चटकन दिसे, तांबडा जवळजवळ दिसतच नसे. दक्षिण बालीचं देऊळ लाल विटेचं, त्यात राखाडी दगडाचं कोरीवकाम बसवलेलं. फोटोत लाल वीट काळीठिक्कर पडणार, आकाश पांढरंफटक होणार आणि छपराखालच्या सावलीत लाकडाचा सांगाडा बुडून जाणार. शिवाय दमट हवेत प्लेटवरचं जिलेटिन मऊ पडतं, त्यावर बुरशी धरते. चित्रकाराला ही अडचण नाही. त्याचा डोळा सावलीतलं तुळईचं टोक आणि उन्हातली कमान एकाच कागदावर आणू शकतो. कोणती रेघ ठेवायची आणि कोणती गाळायची, हेही तोच ठरवतो. पुढे त्याच्या लेखणीवर थोडी शंका घ्यायची आहे, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

बालीच्या दरवाजांपैकी आपल्याला चटकन ओळखू येतो तो ‘चंडी बेंतार’. उंच शिखर मधोमध चिरून दोन फाका बाजूला सारल्यासारखं दार. आतल्या बाजूच्या कडा सपाट आणि सरळ, बाहेरच्या पायऱ्यापायऱ्यांनी वर चढणाऱ्या. त्याच्या आत असतो ‘कोरी आगुंग’, बंद माथ्याचा मोठा दरवाजा. त्याच्या चौकटीवर सुळे दाखवणारं, डोळे वटारलेलं ‘बोमा’चं तोंड. महाराष्ट्रातल्या जुन्या देवळांवर कीर्तिमुख पाहिलेल्या माणसाला हे तोंड परकं वाटणार नाही, घराणं एकच आहे.

हे सगळं ज्या दगडात कोरलं जातं त्याला तिथे ‘पारास’ म्हणतात. हा ज्वालामुखीच्या राखेचा दगड. बतुर ज्वालामुखीचे सुमारे 29 हजार आणि 20 हजार वर्षांपूर्वी दोन प्रचंड स्फोट झाले. तापलेली राख आणि वायू यांचे लोट उतारावरून धावत खाली आले आणि त्यांचे थर साचून घट्ट झाले. नद्यांनी पुढे ते थर खोल कापले. त्या घळींतून हा दगड काढतात. आपला सह्याद्रीतला काळा पाषाण वाहत्या लाव्हाचा, थिजून घट्ट झालेला. तो छिन्नीला दाद देत नाही, पण एकदा कोरला की शतकानुशतकं टिकतो. पारास उलटा. तो इतका मऊ की कारागीर त्यात वाटेल ती वेल काढतो, आणि इतका सच्छिद्र की पाऊस आत मुरतो, शेवाळ धरतं, काही दशकांत नाकडोळे पुसट होतात.

म्हणून बालीचं देऊळ ‘जुनं’ दिसलं तरी त्याचं कोरीवकाम बऱ्याचदा आपल्या आजोबांच्या वयाचंही नसतं. झिजलं की पुन्हा कोरायचं, हा तिथला रिवाज. दगड मऊ असल्यामुळे कोरण्याची कला पिढीगणिक ताजी ठेवावीच लागते. विटांचंही असंच. एकीवर एक पाणी टाकून घासायची, सांधा केसाइतका होईपर्यंत. दोन विटांच्या मध्ये चुना दिसत नाही तो त्यामुळे.

न्यूवेनकांपच्या रेघेत हे सगळं येतं. येत नाही ते माप.

बालीत घर बांधणाऱ्या जाणकाराला ‘उंडागी’ म्हणतात, आणि तो ज्या नियमांनी चालतो त्यांना ‘अस्त कोसल कोसली’. त्याची मोजपट्टी घरधन्याच्या अंगावर असते. दोन्ही हात पसरून मध्यमेपासून मध्यमेपर्यंतचं अंतर म्हणजे ‘देपा’, आपल्या कोळ्यांच्या भाषेत वाव. कोपरापासून पुढे हात. मग मूठ. एक वाव, एक हात आणि एक मूठ अशी बेरीज करून अंगणाच्या भिंतीचं माप ठरवतात. ही मापं बांबूच्या काठीवर खुणांनी उतरवली की ती काठीच त्या घराचा नकाशा होते. मोजलेल्या लांबीत आणखी एक छोटासा तुकडा घालतात. त्याला ‘उरिप’, म्हणजे जीव, म्हणतात. नुसतं काटेकोर माप निर्जीव, थोडं वर टाकलं की घर जिवंत.

इमारतींमधली अंतरं पावलांनी मोजतात, तीही आठांच्या चक्रात: श्री, इंद्र, गुरू, यम अशी आठ नावं घेत एकेक पाऊल टाकायचं आणि शेवटचं पाऊल योग्य नावावर पडेल असं जुळवायचं. गणिताच्या भाषेत सांगायचं तर आठानं भागून उरलेली बाकी महत्त्वाची. स्वयंपाकघर दक्षिणेला, कारण ती ब्रह्माची दिशा आणि बालीत ब्रह्मा अग्नीचा देव.

दिशांची गंमत आणखी वेगळी. बालीच्या माणसाला उत्तर-दक्षिणेपेक्षा ‘काजा’ आणि ‘केलोद’ जवळचे: डोंगराकडे आणि समुद्राकडे. डोंगर बेटाच्या मधोमध असल्यामुळे दक्षिण बालीत काजा म्हणजे उत्तर आणि कुबुतंबाहानला काजा म्हणजे दक्षिण. होकायंत्र घेऊन फिरणाऱ्याला एकच नियम दोन गावांत उलटा दिसेल. मोजणी अचूक असूनही अर्थ चुकू शकतो, तो असा.

बालीचं घर म्हणजे एक इमारत नव्हे, तर भिंतीच्या आत विखुरलेले मंडप. प्रत्येकाला ‘बाले’ म्हणतात आणि खांब मोजून नाव देतात. ‘साकेपात’ चार खांबांचा, ‘साकेनेम’ सहांचा, ‘बाले गेदे’ बारांचा. खांब जमिनीत पुरत नाहीत, दगडी उथळ्यावर नुसते टेकवतात. झाडाचं मुळाकडचं टोक खांबातही खालीच ठेवायचं, हा दंडक. तुळया खांबाच्या भोकांतून आरपार जातात आणि लाकडी पाचरी ठोकून आवळतात. वर बांबूवर विणलेलं गवत. देवळांच्या छपरांना मात्र एका ताडवर्गीय झाडाचे काळे केसाळ तंतू, ‘इजुक’, जे पावसात सहज कुजत नाहीत. मेरू नावाच्या मनोऱ्यांवर अशी छपरं एकावर एक, नेहमी विषम संख्येत, जास्तीत जास्त अकरा.

भूकंपात हा सांगाडा काय करतो? जमीन हलली की पाचरीचे सांधे थोडे सरकतात, लाकूड लाकडावर घासतं, कंपनाची ऊर्जा त्या घर्षणात खर्च होते. खांब उथळ्यावर जरासा डुलू शकतो, मुळाशी तुटत नाही. धक्का ओसरल्यावर पाचरी पुन्हा ठोकायच्या. विटांच्या दरवाजाला असं डुलता येत नाही. उंच, जड, ताण न सोसणारा. त्यात चंडी बेंतारच्या दोन्ही फाका एकमेकींना न धरता एकट्या उभ्या. म्हणजे चित्रकारांना सर्वांत जास्त भुरळ घालणारी वस्तूच बालीच्या बांधकामातली सर्वांत नाजूक वस्तू.

21 जानेवारी 1917 च्या सकाळी याची परीक्षा झाली. त्या भूकंपात सुमारे दीड हजार माणसं गेली, बहुतेक दरडींखाली. देवळं हजारोंनी पडली.

त्याआधी मात्र माणसांनी केलेला विध्वंस झाला होता आणि न्यूवेनकांप त्याचा साक्षीदार होता. उत्तर बाली 1849 पासूनच डचांच्या हातात होतं. 1906 च्या सप्टेंबरात त्यांचं सैन्य दक्षिणेत सानूरला उतरलं. 20 तारखेला देनपसारचा राजा, त्याचं कुटुंब आणि दरबारी पांढऱ्या वस्त्रांत राजवाड्यातून बाहेर पडले आणि बंदुकींच्या समोर चालत गेले. याला ‘पुपुतान’ म्हणतात, शेवटपर्यंतची लढाई. न्यूवेनकांप त्या मोहिमेबरोबर होता. राजवाड्याच्या अवशेषांची त्यानं नोंद केली आणि तिथल्या वस्तू संग्रहालयांसाठी गोळाही केल्या. 2024 साली नेदरलँड्सनं इंडोनेशियाला 288 वस्तू परत केल्या, त्यांतल्या 284 पुपुतानाशी जोडलेल्या बालीच्या होत्या. त्याची चित्रं पाहताना हे विसरता येत नाही, विसरूही नये. प्रेमानं रेघ ओढणारा माणूस तोफांच्या मागून चालत आला होता.

भूकंपानंतर पुनर्बांधणीचं काम पीटर मोयेन या डच वास्तुविशारदाकडे आलं. तो स्वतः चित्रकारही होता. त्याचा हट्ट जुन्या शुद्ध शैलीचा. गावकऱ्यांना काही ठिकाणी पत्र्याचं छप्पर हवं होतं, नवी नक्षी हवी होती. मोयेनला ते भ्रष्ट वाटे. माझी शंका इथे येते. दर काही दशकांनी नव्यानं कोरल्या जाणाऱ्या दगडाची शुद्ध शैली कोणत्या वर्षाची धरायची? युरोपियन डोळ्याला जे वर्ष कागदावर सापडलं तेच ‘परंपरा’ ठरण्याचा धोका असतो. लेखणीनं फोटोवर जी मात केली ती गाळण्याच्या जोरावर, आणि या साऱ्या चित्रपरंपरेनं सर्वांत आधी गाळला तो काळ. 1931 च्या पॅरिस प्रदर्शनात मोयेननं उभारलेल्या डच मंडपात बालीचे दरवाजे आणि मेरू होते. जूनअखेर तो मंडप जळाला आणि घाईघाईनं पुन्हा बांधला गेला.

बालीचे कारागीर तेव्हा काय करत होते ते जागाराग गावच्या ‘पुरा दालेम’वर दिसतं. तिथे दगडात मोटारगाडी आहे, तिला बंदूक रोखून अडवणारा दरोडेखोर आहे, समुद्रात कोसळणारी विमानं आहेत, आगबोट आहे. परंपरेत विमान बसतं का, असा प्रश्न त्या गावात कुणाला अडला नसावा.

कुबुतंबाहानचा सायकलस्वारही 1917 च्या भूकंपात दुखावला. नंतर त्याची दुरुस्ती झाली, फुलं वाढली. पुढचं हँडल धरून तो अजून चालला आहे. मागच्या चाकात आरे नाहीत, पाकळ्या आहेत.