डिझेलचं ऑइल, पेट्रोलची गाडी: दोन डबे शेजारी ठेवून पाहिले तर

गेल्या महिन्यात इंदूरच्या रामबागेतल्या मामांचा फोन आला. गाडीचं ऑइल बदलायला ते ट्रान्सपोर्ट नगरातल्या एका ओळखीच्या गॅरेजात गेले होते आणि मेकॅनिक आग्रह करत होता, "बाबूजी, इस बार डीजलवाला डलवा लो, इंजन अंदर से साफ हो जाएगा." मामांची गाडी पेट्रोलची, २०२१ची. मी म्हटलं, "मामा, दोन्ही डबे हातात घ्या आणि मागची बारीक अक्षरं मला वाचून दाखवा."

एका डब्यावर होतं एपीआय (म्हणजे ऑइलांची श्रेणी ठरवणारी अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) सीआय-४ प्लस, १५डब्ल्यू-४०. दुसऱ्यावर एपीआय एसपी, ०डब्ल्यू-२०. (डब्ल्यूच्या आधीचा आकडा गार ऑइलाच्या जाडीचा, नंतरचा तापलेल्याच्या.) निम्मं उत्तर तिथेच आहे. एसने सुरू होणारी श्रेणी पेट्रोल इंजिनासाठी, सीने सुरू होणारी डिझेलसाठी. एस म्हणजे स्पार्क आणि सी म्हणजे कम्प्रेशन, असं ध्यानात ठेवलं की घोटाळा होत नाही.

दोन्ही ऑइलांचं मूळ तेल साधारण सारखंच. फरक पडतो तो त्यात मिसळलेल्या रसायनांमुळे, आणि ती रसायनं ठरतात इंजिनात होणाऱ्या घाणीवरून. डिझेल इंजिनात दाबून तापलेल्या हवेत इंधनाचा फवारा मारतात. ते सगळीकडे सारखं मिसळत नाही, म्हणून काजळी होते. ही काजळी गोळा होऊन बसू नये, बारीक कणांच्या रूपात ऑइलात तरंगत राहावी, यासाठी डिझेल ऑइलात रसायनांचा भरणा जास्त असतो. म्हणूनच डिझेल गाडीचं ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं पडतं. तो बिघाड नव्हे. शिवाय जुन्या डिझेलमध्ये गंधक बरंच असायचं आणि त्यातून आम्ल तयार व्हायचं. ते मारायची ताकदही या ऑइलात जास्त ठेवलेली असते. (बीएस-६ इंधनात गंधक दहा लाख भागांत १० भागांवर आलंय, त्यामुळे ही गरज आता पुष्कळ कमी झाली आहे.)

पेट्रोल इंजिनाचं दुखणं निराळं. रामबागेतून राजवाड्यापर्यंत जायचं, गाडी बंद करायची, तासाभराने परत यायचं. इंजिन पुरतं तापतच नाही. न जळलेलं पेट्रोल आणि पाण्याची वाफ ऑइलात उतरते, गाळ धरतो, गरम भागांवर चिवट पिवळसर थर बसतो. पेट्रोलचं ऑइल या गोष्टींशी झुंजण्यासाठी बनवलेलं असतं, आणि इंजिनातलं घर्षण कमी करून ॲव्हरेज राखण्यासाठीही.

मग मेकॅनिक खोटं बोलत होता का? मुळीच नाही. त्याचा हात तयार झाला ट्रकांवर आणि कार्ब्युरेटरवाल्या जुन्या गाड्यांवर. त्या गाड्यांच्या इंजिनात फटी मोठ्या, सायलेन्सरच्या वाटेत धुरातले विषारी वायू निवळणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नाही. तिथे डिझेलचं ऑइल खपून जायचं, आणि खडखडणारं जुनं इंजिन जाड ऑइलाने जरा शांतही व्हायचं. तो अनुभव खरा आहे, पण तो त्या गाड्यांचा आहे.

आपल्याकडे चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला १९९५ साली, आणि शिशाचं पेट्रोल देशभर बंद झालं २००० साली. शिसं बंद करण्यामागचं एक कारण हेच होतं की ते कन्व्हर्टरमधल्या प्लॅटिनम, पॅलेडियमवर थर चढवून त्याला निकामी करतं. ऑइलातला फॉस्फरस अगदी तसाच वागतो, फक्त सावकाश. झीज रोखण्यासाठी ऑइलात जस्त आणि फॉस्फरस असलेलं एक रसायन घालतात. ०डब्ल्यू-२०सारख्या पातळ पेट्रोल ऑइलात फॉस्फरस ०.०८ टक्क्यांच्या वर जाऊ देत नाहीत. डिझेलच्या नव्या सीके-४ श्रेणीत ०.१२ टक्क्यांपर्यंत मुभा आहे, आणि जुन्या सीआय-४च्या वेळी तर अशी मर्यादाच नव्हती. इंजिन थोडं ऑइल जाळतंच. त्यातला फॉस्फरस धुराबरोबर कन्व्हर्टरवर जाऊन बसतो. म्हणजे "जास्त संरक्षण" देणारी तीच गोष्ट गाडीचा एक महागडा भाग हळूहळू मारते.

दुसरा मुद्दा जाडीचा, आणि मला तो तितकाच मोठा वाटतो. १०० अंशांवर २० ग्रेडच्या ऑइलाची जाडी ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक (जाडी मोजायचं एकक), ४० ग्रेडची १२.५ ते १६.३. जवळपास दुप्पट. मामांच्या गाडीत व्हॉल्व्हची वेळ पुढे-मागे करणारी यंत्रणा ऑइलच्या दाबावर चालते, अगदी बारीक वाटांतून. पहाटे गार इंजिनात १५डब्ल्यूचं ऑइल तिथे पोचायला वेळ लावतं, आणि गाडी तापल्यावरही ॲव्हरेज खातं.

टर्बो, म्हणजे हवा दाबून भरणारं पेट्रोल इंजिन असेल तर विषयच संपला. कमी आरपीएमवर जोर देताना ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटतं, ठक्क असा आवाज येतो, कधी पिस्टनही फुटतो. ऑइलातल्या कॅल्शियममुळे हा धोका वाढतो आणि डिझेल ऑइलात कॅल्शियम बहुधा भरपूर असतं. एसपी श्रेणी २०२० साली आली ती याचीही चाचणी घेऊन.

"साफ हो जाएगा" याबद्दलही सांगतो. वर्षानुवर्षं साचलेला गाळ एकदम सुटला तर तो चेंबरमधल्या (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं त्या भागातल्या) जाळीत अडकू शकतो आणि ऑइल वर चढेनासं होतं. वेळेवर ऑइल आणि फिल्टर बदलत राहणं हीच इंजिनाची सफाई.

काही डब्यांवर एस आणि सी दोन्ही अक्षरं असतात. असं ऑइल पेट्रोल गाडीत चालतं, पण एसच्या पुढचं अक्षर आणि जाडीचा आकडा गाडीच्या पुस्तिकेशी जुळायला हवा. मामांनी ती डॅशबोर्डच्या खणातून काढली, मेकॅनिकसमोर उघडून धरली आणि ०डब्ल्यू-२०च भरून घेतलं.

उलट बाजूने, पेट्रोलचं ऑइल डिझेल गाडीत, हे त्याहून वाईट. काजळीने ते लवकर घट्ट होतं आणि झीज सुरू होते.

एक प्रसंग मात्र अपवादाचा. रात्री खलघाटापाशी ऑइलचा लाल दिवा लागला, डिपस्टिक कोरडी निघाली आणि ढाब्यावर फक्त ट्रकवाल्यांचा डबा मिळाला, तर बिनधास्त लिटरभर ओता. ऑइलाविना इंजिन काही मिनिटांत जाम होतं. चुकीच्या ऑइलावर ते घरापर्यंत येतं. इंदूरला पोचलात की सगळं काढून नवं भरा, फिल्टरसकट.