मधुमालती: फाटकावरची वेल आणि तिच्या बियांचं औषध

बडोद्यात दांडिया बाजारातल्या जुन्या घरांपासून अलकापुरीच्या बंगल्यांपर्यंत मधुमालती कुठेही दिसते. तिन्हीसांजेला पांढरी उमललेली फुलं दुसऱ्या दिवशी गुलाबी आणि मग लालभडक होतात, त्यामुळे एकाच झुपक्यात तिन्ही रंग. फुलाची नळी बारीक आणि लांब. तळाशी असलेला मध मुख्यतः लांब सोंडेच्या पतंगांना साधतो. ही वेल मधुमेहापासून सांधेदुखीपर्यंत सगळ्यावर चालते, असे निरोप हल्ली घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येत असतात. तिला औषधाचा जुना इतिहास आहे हे खरं, पण तो बियांचा आहे, आणि मुख्यतः चीनमधला.

दहाव्या शतकात, सोंग राजवटीत तयार झालेल्या सरकारी औषधीग्रंथात या बिया आहेत. उपयोग एकच ठळक: लहान मुलांच्या पोटातले जंत. पाच धारांचं काळपट फळ फोडायचं, आतला गर भाजायचा आणि मुलाला चावून खायला द्यायचा. मात्रा जपावी लागे. जास्त झाली की उचकी लागते, मळमळतं, उलटी होते. फिलिपिन्सच्या आरोग्य विभागाने मान्य केलेल्या दहा औषधी वनस्पतींतही ही वेल आहे, तीही जंतांसाठीच.

१९७० च्या दशकात जपानी संशोधकांनी या बियांतलं क्विस्क्वालिक आम्ल वेगळं केलं. मेंदूत ग्लुटामेट हे चेतापेशींमध्ये निरोप पोचवणारं रसायन ज्या ग्राहींवर (पेशीवरच्या निरोप टिपणाऱ्या जागांवर) बसतं, त्यांतल्या काहींवर हेही बसतं. त्या ग्राहींना काही वर्षं याच आम्लाचं नाव होतं. पुढे ‘ॲम्पा’ या दुसऱ्या रसायनाचं नाव रूढ झालं. जास्त प्रमाणात ते चेतापेशी मारतं, म्हणून प्रयोगशाळेत ते त्या कामासाठीही वापरतात. असली चीज घरी वाटून कुणाला द्यावी, असं मला तरी वाटत नाही.

आपल्याकडे ही वेल रुळली ती शोभेसाठी. सयाजीरावांच्या काळात, १८७९ मध्ये कमाटीबाग उभी राहिली, तेव्हापासून बडोदेकरांना बागेची हौस काही कमी नाही. पण मधुमालतीला इथे फळ क्वचितच धरतं. लोक फांदी किंवा मुळाशी फुटलेला कोंब लावतात. मग बियांचं औषध आजीच्या बटव्यात शिरणार कुठून? जुन्या आयुर्वेदिक ग्रंथांतली ‘मालती’ म्हणजे बहुधा जाई, तेव्हा तिचे गुण हिच्या नावावर खपवण्यातही अर्थ नाही. मधुमेह आणि सांधेदुखीबद्दल जे बोललं जातं, ते बहुतेक पानाफुलांच्या अर्काचे उंदरांवरचे प्रयोग. जंतांसाठी तर अल्बेंडाझोलची गोळी शाळा-अंगणवाडीत फुकट मिळते.