एम४ए४ की एम४ए१-एस? जुन्या एम४ची वाटणी

काउंटर-स्ट्राइक २ हा नेमबाजीचा व्हिडिओ गेम नव्यानं खेळायला घेतलेला माणूस सीटीच्या, म्हणजे दहशतवाद्यांशी लढणाऱ्या टीमच्या, बाजूनं खरेदीचा मेनू उघडतो आणि रायफलींपाशी अडखळतो. तिथे दोन एम४ असतात. नावं जवळपास तीच, काळा रंगही तोच. एकीच्या नळीला सायलेन्सर आहे, दुसरीला नाही, एवढंच काय ते दिसतं. शेजारच्या जुन्या खेळाडूला विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: "सायलेन्सरवाली घे, १.६ मधली एम४ तीच."

हे उत्तर अर्धंच खरं आहे. १.६ ही याच गेमची जुनी आवृत्ती, आणि तिच्यातली एम४ या दोन्हींपैकी कुठलीच नाही. मधे ती गेममधून गेली तेव्हा लोक वर्षभर "आमची जुनी एम४ परत द्या" म्हणून मागे लागले होते. पण जे परत आलं ते जुन्या बंदुकीचं अर्धं अंग. उरलेलं अर्धं दुसरीकडे आधीच देऊन टाकलेलं होतं. ही वाटणी कशी झाली ते कळलं की कोणती कधी घ्यायची हेही कळतं.

आधी मूळ मालमत्ता बघू. काउंटर-स्ट्राइक हा १९९९ मध्ये हाफ-लाइफ या गेमचा मॉड, म्हणजे चाहत्यांनी त्यातच बदल करून केलेला गेम, म्हणून सुरू झाला, २००० मध्ये स्वतंत्र गेम म्हणून विकायला आला आणि २००३ च्या सप्टेंबरात त्याची १.६ आवृत्ती आली. तिच्यात सीटीची मुख्य रायफल म्हणजे एम४ए१. मेनूत नाव न वाचता बोटं आपोआप बी-४-३ दाबायची. किंमत ३१०० डॉलर, मॅगझिनमध्ये ३० गोळ्या, जवळ आणखी ९०. उजवं क्लिक केलं की खेळाडू खिशातून सायलेन्सर काढून नळीवर फिरवून बसवायचा. याला दोन सेकंद लागायचे आणि तेवढ्यात कुणी समोर आलं तर चाप ओढता यायचा नाही. म्हणून राउंड सुरू होताच, धावता धावताच, निम्मी टीम सायलेन्सर फिरवत असायची. पुन्हा उजवं क्लिक, की सायलेन्सर उतरला.

गंमत अशी की आकड्यांत बघितलं तर त्या सायलेन्सरनं फारसं काही बिघडायचं नाही आणि फारसं काही मिळायचंही नाही. सायलेन्सरविना एका गोळीचं मूळ डॅमेज ३२, सायलेन्सर लावून ३३. लावल्यावर अंतराबरोबर डॅमेज जरा जास्त उतरायचं आणि नेम किंचित सैल व्हायचा. बदल्यात आवाज दबायचा आणि नळीच्या तोंडाशी दिसणारा भडका जायचा. रिकॉइल, म्हणजे गोळी सुटताना बंदुकीला बसणारा धक्का, तोच, गोळ्या तितक्याच. त्यामुळे सायलेन्सर लावायचा की नाही हा हिशेबाचा कमी आणि स्वभावाचा प्रश्न जास्त होता. माझ्या मते ती बंदूक लोकांच्या मनात बसली ती यामुळेच. एकाच बंदुकीत दोन बंदुका होत्या आणि मधे कुठली किंमत मोजावी लागत नव्हती.

२००४ मधल्या सोर्स आवृत्तीतही हे तसंच राहिलं. मग २१ ऑगस्ट २०१२ ला ग्लोबल ऑफेन्सिव्ह आला आणि एम४ए१ गायब. तिच्या जागी एम४ए४. याच नावाचा शर्मन रणगाडा दुसऱ्या महायुद्धात होऊन गेला, पण या नावाची रायफल खऱ्या सैन्यात शोधायला जाऊ नका. किंमत तीच ३१००, गोळ्या त्याच ३० आणि ९०, पण उजव्या क्लिकवर काहीच होत नव्हतं. पिस्तुलांतही तोच प्रकार झाला. सायलेन्सर लागणारं यूएसपी गेलं आणि त्याच्या जागी बिनसायलेन्सरचं पी२००० आलं. जुन्या खेळाडूंनी जी ओरड केली ती या दोन जागांवरून सर्वाधिक. साल उलटता उलटता, २०१३ च्या ऑगस्टमध्ये, आर्म्स डील अपडेटसोबत एम४ए१-एस आणि यूएसपी-एस दाखल झाल्या. त्याच अपडेटनं बंदुकांचे स्किन, म्हणजे वरचे रंग-नक्षी, आणले, त्यामुळे परतलेल्या बंदुकांपेक्षा रंगांचीच चर्चा अधिक झाली, पण तो विषय वेगळा.

आता वाटणीकडे येऊ. जुन्या एम४चा सायलेन्सर एम४ए१-एसच्या वाट्याला आला आणि तीस गोळ्या एम४ए४कडेच राहिल्या. एसच्या मॅगझिनमध्ये आल्या वीस, आणि सुरुवातीला जवळ फक्त आणखी ४०. म्हणजे सगळ्या मिळून साठ, जुनीच्या निम्म्या. ज्यांनी नुसतं "सायलेन्सर हवा" म्हटलं होतं ते खूश झाले. ज्यांना १.६ मधली एम४ हवी होती त्यांनी पहिल्याच राउंडला सवयीनं लांब स्प्रे, म्हणजे चाप न सोडता सलग गोळीबार, मारला आणि एकविसाव्या गोळीला क्लिक असा कोरडा आवाज ऐकला.

पण गोळ्या कमी म्हणून एस कमकुवत असं समजू नका. ग्लोबल ऑफेन्सिव्हच्या उत्तरार्धापासून आणि आता काउंटर-स्ट्राइक २ मध्येही एसची एक गोळी ३८ डॅमेज करते, एम४ए४ची ३३. आर्मर घातलेल्या छातीवर, अगदी जवळून, एम४ए४ची गोळी २३ नं लागते. चार गोळ्यांचे ९२ होतात, समोरचा शंभरातल्या आठ हेल्थवर उभा राहतो आणि पाचवी गोळी लागते. एसची गोळी तिथेच २६ नं लागते, चारात १०४, म्हणजे चौथीलाच तो पडला. वेग उलटा आहे: एम४ए४ मिनिटाला ६६६ गोळ्यांच्या दरानं सुटते, एस ६०० च्या. तरी पाच गोळ्यांना एम४ए४ला साधारण ०.३६ सेकंद लागतात आणि एसला चार गोळ्यांना ०.३०. एकास एक, जवळून, छातीवर धरलं तर एस पुढे. रिकॉइलही तिचा सौम्य आहे. सहा शतांश सेकंद ऐकायला काहीच वाटत नाही, पण दोघांनी एकाच क्षणी चाप ओढला असेल तर राउंड तेवढ्यातच फिरतो.

मात्र हा हिशेब जवळचाच. नोव्हेंबर २०२२ मधल्या बदलानंतर एसचं डॅमेज अंतराबरोबर बरंच लवकर उतरतं आणि लांबून ती चौथ्या गोळीला माणूस पाडत नाही. त्याआधी ती लांबूनही इतकी भारी पडत होती की एम४ए४ हातात घेतलेला सीटी वरच्या पातळीवर विरळाच दिसायचा.

डोक्याच्या बाबतीत दोघींत निवडायला काही नाही. हेल्मेट असेल तर एका गोळीत दोघीही मारत नाहीत, साधारण ९२ वर अडतात. समोरच्या टीमची एके-४७ मारते. १.६ मध्येही असंच होतं: एके २५०० ला आणि हेल्मेटसकट एका गोळीत माणूस गार, एम४ सहाशे डॉलरनं महाग आणि तरी दुसरी गोळी हवीच.

खरा फरक समोर एकापेक्षा जास्त माणसं आली की कळतो. इन्फर्नो या मॅपवर बनाना नावाच्या गल्लीच्या तोंडाशी सीटी एकटा उभा आहे, स्मोक ग्रेनेडचा धूर विरतोय आणि तिघं एकामागोमाग येतायत असं समजा. एस दोन सेकंदांच्या आत रिकामी होते. पहिला पडेल, दुसराही पडेल कदाचित, पण दोन-चार गोळ्या भिंतीत गेल्या असतील तर तिसऱ्याच्या वेळी हातात रिकामी नळी असते, आणि रीलोडला तीन सेकंद कुणी देत नाही. एम४ए४ला अडीच सेकंदांहून जास्त वेळ गोळीबार चालू ठेवता येतो. चुकलेल्या गोळ्या भरून काढायला दहा जादा गोळ्या असतात. स्प्रे एका माणसावरून दुसऱ्यावर वळवायची ज्याची सवय पक्की आहे त्याला एम४ए४च धार्जिणी.

त्याच जागी स्मोक विरला नसेल तर गणित फिरतं. गोळी हवेतून जाताना मागे रेघ दिसते, पण एसच्या गोळ्यांची रेघ समोरच्याला दिसत नाही. स्मोकमधून चार-पाच गोळ्या सोडल्या तर लागलेल्याला कळतं की लागलं, पण कुठून ते नाही. एम४ए४नं तेच केलं तर रेघांवरून तुमची जागा उघडी पडते आणि उत्तरादाखल एकेची अख्खी मॅगझिन येते. आवाजाचा फायदा आहेच, पण लोक समजतात तेवढा नाही. जवळच्याला दबका आवाजही ऐकू येतो. रेघ नसणं ही एसची खरी कमाई.

आणि इथेच जुनी एम४ जशीच्या तशी परत का आली नाही हे कळतं. १.६ मध्ये सायलेन्सरचा फायदा छोटा होता, म्हणून तो फुकट देणं परवडत होतं. आता सायलेन्सरसोबत सौम्य रिकॉइल, न दिसणाऱ्या गोळ्या आणि जास्त डॅमेज येतं. यावर तीस गोळ्या घातल्या तर एम४ए४ कोण विकत घेईल? मधे काही काळ एसच्या मॅगझिनमध्ये पंचवीस गोळ्या करून पाहिल्या, नंतर पुन्हा वीसवर आणल्या. किमतीही अनेकदा वर-खाली झाल्या. एकीला जरा झुकतं माप मिळालं की सगळे तिच्याकडे वळतात. ही ओढाताण जुन्या गेममध्ये नव्हती, कारण तिथे तुलना करायला दुसरी एम४ नव्हती.

हेच एमपी५ या छोट्या सबमशीनगनच्या बाबतीत पुन्हा घडलं, म्हणून हा योगायोग वाटत नाही. १.६ मध्ये एमपी५ म्हणजे पैसे कमी असताना दोन्ही बाजूंचा आधार: १५०० डॉलर, साधी, बिनसायलेन्सरची. ग्लोबल ऑफेन्सिव्हमध्ये तीही गेली आणि चाहते तिच्यासाठीही मागे लागले. ऑगस्ट २०१८ मध्ये ती परतली, पण एमपी५-एसडी होऊन, कधीच न निघणारा सायलेन्सर घेऊन. तीही एमपी७ या दुसऱ्या सबमशीनगनच्या जागेची वाटेकरी म्हणून: तेव्हा घ्यायची तर त्या दोहोंतली एक. एम४ला सायलेन्सर हवा होता तर गोळ्या कापून दिला, एमपी५ला नको होता तर चिकटवूनच दिला.

निवडीचं म्हणाल तर ग्लोबल ऑफेन्सिव्हमध्ये दोन एम४पैकी एकच घेता यायची आणि कोणती ते इन्व्हेंटरीत आधी ठरवावं लागायचं. २७ सप्टेंबर २०२३ ला २ आला तेव्हापासून रायफलींसाठी पाच जागा आहेत आणि सीटीकडे सात पर्याय, त्यामुळे एससीएआर-२० आणि ऑग बाहेर ठेवून दोन्ही एम४ सोबत बाळगता येतात. मी तसंच सुचवेन. साइटवर, म्हणजे बॉम्ब लावायच्या जागी, एकट्यानं कोपरा धरायचा, किंवा लांबून एक-दोन गोळ्यांचे टप्पे मारत खेळायचं, तर एस. साइट परत घ्यायची वेळ आली, दोघं-तिघं एकदम भिडणार आहेत, किंवा तुमचा नेम अजून पहिल्या गोळ्या वाया घालवण्याच्या टप्प्यावर आहे, तर एम४ए४. नवख्याला सगळे एस सुचवतात कारण ती हाताला हलकी लागते. पण नवखाच गोळ्या सर्वाधिक उधळतो, आणि त्याला वीस पुरत नाहीत.

उजवं क्लिक एसवर आजही चालतं. सायलेन्सर उतरतो, पण मग नेम बिघडतो, आवाज होतो, आणि बदल्यात काहीच मिळत नाही. ऐन लढतीत चुकून ते दाबलं जाऊन बंदूक निकामी होण्याचे प्रकार इतके होत की २ च्या सेटिंग्जमध्ये सायलेन्सर काढता येणं बंदच करायचा पर्याय दिलाय. एस घेणार असाल तर सायलेन्सर काढणं तिथे आधी बंद करून टाका.