पेज, सॅचेल

पेज, सॅचेल : (७ जुलै १९०६ – ८ जून १९८२). अमेरिकन बेसबॉलपटू, उजव्या हाताचा पिचर. मूळ नाव लरॉय रॉबर्ट पेज. कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या ठेवलेल्या ‘नीग्रो लीग’ स्पर्धांमधला सर्वांत गाजलेला पिचर. मेजर लीगचे, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉलचे, दार त्याच्यासाठी उघडले ते १९४८ मध्ये, वयाच्या ४२ व्या वर्षी. तोवर बहुतेक पिचर निवृत्त होऊन घरी बसलेले असतात.

बेसबॉलमधला पिचर म्हणजे ढोबळमानाने आपला गोलंदाज. पण तो धावत येत नाही आणि चेंडूचा टप्पाही पाडत नाही. मैदानातल्या मातीच्या उंचवट्यावर उभा राहून, ६० फूट ६ इंचांवरून (सुमारे १८.४ मी.) तो चेंडू थेट फलंदाजाकडे फेकतो. षटक संपले म्हणून चेंडू दुसऱ्याच्या हाती जात नाही. तेव्हाचा दमदार पिचर नऊच्या नऊ डाव एकटा टाकत असे. चेंडू ज्या ‘होम प्लेट’वरून जायला हवा ती १७ इंच रुंद असते. पेज सरावाला उभा राहिला की प्लेटऐवजी च्युइंगगमचा कागद जमिनीवर ठेवायला सांगे आणि त्यावरून एकामागून एक चेंडू काढे. त्याच्या वेगाबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, पण खरी ताकद या अचूकतेत होती. वेग वयाबरोबर उतरला, अचूकता शेवटपर्यंत टिकली.

त्याचा जन्म अलाबामा राज्यातल्या मोबील या बंदराच्या गावी झाला. वडील जॉन माळीकाम करीत, आई लूला लोकांचे कपडे धुई. घरात बारा मुले. आडनावाचे मूळ स्पेलिंग वेगळे होते, त्यात घरच्यांनी पुढे एक अक्षर वाढवले. जन्मतारखेचा तर त्याने जन्मभर खेळ केला. बायबलमध्ये लिहून ठेवलेली तारीख बोकडाने कागदासकट खाल्ली, असे तो पत्रकारांना सांगे. ७ जुलै १९०६ ही तारीख जन्मनोंदीच्या कागदावर आहे, पण वय गूढ ठेवल्याने तिकिटे खपतात हे त्याला फार लवकर कळले होते. ‘सॅचेल’ म्हणजे प्रवासी पिशवी. या टोपणनावाच्याही दोन कथा आहेत. त्याच्या म्हणण्याप्रमाणे, रेल्वे स्थानकावर हमाली करताना त्याने काठीला दोऱ्या बांधून एका खेपेत तीन-चार पिशव्या नेण्याची युक्ती काढली, म्हणून पोरांनी हे नाव ठेवले. त्याच्या एका बालमित्राने मात्र सांगितले की पिशवी पळवताना पकडला गेला, म्हणून ते चिकटले.

बाराव्या वर्षी, १९१८ मध्ये, चोरी आणि शाळाबुडवेपणा यांपायी त्याला माउंट मेग्ज येथील कृष्णवर्णीय मुलांच्या सुधारगृहात पाठवण्यात आले. साडेपाच वर्षे तो तिथे होता. तिथले प्रशिक्षक एडवर्ड बर्ड यांनी या काटकुळ्या, लांब हातापायांच्या पोराला पिचिंग शिकवले. फेकण्यापूर्वी डावा पाय इतका उंच उचलायचा की फलंदाजाला पुढे बुटाचा तळवाच दिसावा, आणि मग हात शक्य तितका पुढे नेऊन चेंडू सोडायचा. पुढे जगभर छापल्या गेलेल्या छायाचित्रांतली ती कमान सुधारगृहाच्या मैदानावर घडलेली आहे.

१९२६ मध्ये चॅटनूगाच्या संघातून त्याची व्यावसायिक कारकीर्द सुरू झाली. नंतर बर्मिंगहॅम ब्लॅक बॅरन्स आणि १९३० च्या दशकात पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स. गस ग्रीनली हा क्रॉफर्ड्सचा मालक आकड्यांचा बेकायदा जुगार चालवी आणि त्या पैशातून त्याने मैदानही बांधले होते. फलंदाज जॉश गिब्सन, धावण्यात वाऱ्यासारखा कूल पापा बेल, ऑस्कर चार्ल्स्टन आणि जूडी जॉन्सन हे पेजचे तिथले सहकारी. पेजसह हे पाचही जण पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांच्या सन्मानदालनात, गेले. इतका भारी संघ त्या काळी मेजर लीगमध्येही क्वचितच असेल.

पण पेजला एका संघाचा म्हणणे कठीण. करार मोडणे त्याला पाणी पिण्याइतके सोपे होते. जो जास्त पैसे देईल त्याच्याकडे तो मोटार वळवी. अनेकदा दुसऱ्याच संघाला एका सामन्यापुरता ‘भाड्याने’ दिला जाई आणि गल्ल्यातला वाटा घेई. याबद्दल त्याच्यावर बेभरवशाचा असा शिक्का बसला, तो खराही होता. मात्र ज्या लीगमध्ये मालकच उद्या असतील की नाही याची खात्री नव्हती, तिथे निष्ठा एकट्या खेळाडूकडून मागणे फारसे न्याय्य नव्हते. नॉर्थ डकोटातल्या बिस्मार्क या छोट्या गावात मोटारविक्रेता नील चर्चिल याने गोरे आणि काळे खेळाडू एकत्र घेऊन संघ उभा केला होता. १९३५ मध्ये विचिटा येथील राष्ट्रीय स्पर्धा या संघाने पेजच्या जोरावर जिंकली. मेजर लीगमधली वर्णभेदाची भिंत फोडणारा जॅकी रॉबिन्सन तिथे येण्याच्या बारा वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

१९३७ मधला डोमिनिकन प्रजासत्ताकाचा दौरा हा त्याच्या आयुष्यातला सर्वांत विलक्षण अध्याय. हुकूमशहा राफाएल त्रुहियो याने राजधानीला स्वतःचे नाव दिले होते आणि तिथला संघ हरणे त्याच्या प्रतिष्ठेला परवडणारे नव्हते. त्याच्या माणसांनी पेजला गाठून रोख पैसे पुढे केले. पेजने गिब्सन आणि बेल यांच्यासह क्रॉफर्ड्सचे अर्धे बळ तिकडे नेले. संघ जिंकला. अखेरच्या सामन्यात बंदूकधारी सैनिक मैदानाभोवती उभे होते आणि हरलो असतो तर जिवंत परतलो नसतो, असे पेज नंतर रंगवून सांगे. त्याच्या कथांना मीठमसाला असतोच. पण त्रुहियोची कारकीर्द पाहता ही भीती अगदीच पोकळ म्हणता येत नाही.

१९३८ मध्ये मेक्सिकोत खेळताना त्याचा उजवा खांदा गेला. हात वर उचलणे जमेना. यापुढे पिचिंग विसरा, असे डॉक्टरांनी सांगितले. ज्या मालकांना त्याने टांग मारली होती त्यांपैकी कोणी दारात उभे करीना. हात दिला तो कॅन्सस सिटी मोनार्क्सचा गोरा मालक जे. एल. विल्किन्सन याने. ट्रकवर दिवे चढवून गावोगाव रात्रीचे सामने भरवणारा हा कल्पक माणूस. त्याने पेजला दुसऱ्या फळीच्या फिरत्या संघात घेतले, कारण नुसत्या नावावरही लोक येत. काही महिन्यांनी हात पुन्हा चालू लागला. आता निव्वळ वेगावर भागणार नव्हते, म्हणून पेजने वळणारे आणि संथ चेंडू शिकून घेतले. हात पुढे आणताना मध्येच क्षणभर थांबायचा त्याचा ‘हेझिटेशन पिच’ फलंदाजांना फार छळी. चेंडू सुटलाच, असे समजून ते बॅट फिरवून मोकळे होत आणि चेंडू मागाहून येई. मेजर लीगमध्ये तो आल्यावर तिच्या दोन शाखांपैकी एक असलेल्या अमेरिकन लीगच्या अध्यक्षांनी या चेंडूवर बंदी घातली.

१९४२ च्या नीग्रो वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेत, मोनार्क्ससमोर होमस्टेड ग्रेज होते आणि त्यांच्याकडे जॉश गिब्सन. दुसऱ्या सामन्यात तिन्ही बेसवर (धाव पुरी करताना गाठायच्या टप्प्यांवर) ग्रेजचे खेळाडू उभे असताना पेजने गिब्सनला बाद केले. गिब्सनशीच गाठ पडावी म्हणून आधीच्या फलंदाजांना मुद्दाम चालत पहिल्या बेसवर जाऊ दिले, ही पेजची पुरवणी. त्या दिवसांच्या वृत्तपत्रांतले वर्णन तिला दुजोरा देत नाही. गिब्सन बाद झाला, एवढे मात्र खरे. ग्रेजचा धुव्वा उडाला आणि मालिका मोनार्क्सने जिंकली.

गोऱ्या खेळाडूंशी तो खेळतच नव्हता असे नाही. मोसम संपल्यावर मेजर लीगचे खेळाडू पैशासाठी प्रदर्शनी सामने खेळत. त्यात डिझी डीनसारख्या नामांकित पिचरशी त्याचे सामने झाले, आणि आपण पाहिलेला सर्वोत्तम पिचर हाच, असे नामांकित फलंदाज जो डिमॅजिओने सांगितले. दिवसा टाळ्या मिळत, पण रात्री त्याच गावातल्या हॉटेलात काळ्या माणसाला खोली मिळत नसे आणि मोटारीतच झोपावे लागे. ऑक्टोबर १९४५ मध्ये ब्रुकलिन डॉजर्सनी वर्णभेदाची भिंत फोडण्यासाठी निवड केली ती मोनार्क्समधल्याच, पण तरुण जॅकी रॉबिन्सनची. पेजला ते लागले.

त्याची पाळी आली ती ७ जुलै १९४८ ला, वाढदिवसाच्या दिवशी. क्लीव्हलँड इंडियन्सचा मालक बिल व्हीक याने त्याच्याशी करार केला. ही गर्दी जमवण्याची क्लृप्ती आहे, खेळाचा दर्जा घालवणारी आहे, असे एका प्रतिष्ठित क्रीडा साप्ताहिकाच्या संपादकाने लिहिले. गर्दी तर जमलीच. ३ ऑगस्टला त्याने प्रथमच सामन्याच्या सुरुवातीपासून चेंडू टाकले, तेव्हा ७२,४३४ लोक आले. २० ऑगस्टच्या रात्री क्लीव्हलँडमध्ये ७८,३८२ प्रेक्षकांपुढे त्याने प्रतिस्पर्ध्याला एकही धाव करू दिली नाही. मोसमात त्याच्या नावावर (सामन्याचा निकाल पिचरच्या खात्यावर मांडतात) सहा विजय, एक पराभव आणि दर नऊ डावांमागे अवघ्या २.४८ धावा. क्लीव्हलँडने त्या वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकली. त्या मालिकेत चेंडू टाकणारा पेज हा पहिला कृष्णवर्णीय पिचर, जरी वाट्याला एका डावाचे दोन तृतीयांशच आले.

व्हीकने पुढे सेंट लुई ब्राउन्स हा दुबळा संघ घेतला, तेव्हा पेजही तिकडे गेला (१९५१–५३). १९५२ मध्ये, ४६ व्या वर्षी, त्याने डेट्रॉइटविरुद्ध एकट्याने बारा डाव टाकून १–० असा विजय मिळवला. त्या आणि पुढच्या वर्षी तो ऑल-स्टार, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या, संघात निवडला गेला. नंतर खालच्या दर्जाच्या मायनर लीग आणि फिरते सामने चालूच राहिले.

२५ सप्टेंबर १९६५ ला कॅन्सस सिटी अ‍ॅथलेटिक्सच्या मालकाने त्याला एका सामन्यासाठी बोलावले. प्रसिद्धीसाठी कुंपणाजवळ झुलती खुर्ची मांडली होती, शेजारी नर्स उभी केली होती. खुर्चीतून उठून ५९ वर्षांच्या पेजने बॉस्टन रेड सॉक्सविरुद्ध तीन डाव टाकले, धाव एकही दिली नाही. कार्ल यास्ट्रेम्स्कीशिवाय कोणाला हिटही (चेंडू टोलवून बेस गाठणे) मिळाला नाही. ज्याला थट्टेसाठी मांडले त्याने तिथेच थट्टा संपवली. १९६८ मध्ये अटलांटा ब्रेव्ह्जने त्याला करारावर घेतले, ते खेळाडूंच्या निवृत्तिवेतनासाठी त्याचे दिवस कमी पडत होते म्हणून.

१९७१ मध्ये कूपरस्टाउनच्या हॉल ऑफ फेमने नीग्रो लीगमधल्या कामगिरीवर निवडलेला पहिला खेळाडू म्हणून त्याला घेतले, पण आधी जाहीर केले की त्याची जागा वेगळ्या दालनात असेल. मेजर लीगमधली दहा वर्षे भरत नाहीत, हे कारण. ज्यांना दारच उघडले नव्हते त्यांनी दहा वर्षे भरायची कशी, असा सवाल वृत्तपत्रांनी केला. ओरड झाल्यावर निर्णय फिरवावा लागला आणि ९ ऑगस्टला तो इतरांच्या रांगेत दाखल झाला.

५ जून १९८२ ला कॅन्सस सिटीतल्या एका मैदानाला त्याचे नाव देण्यात आले. त्यानंतर तीन दिवसांनी तो वारला. तिथल्याच फॉरेस्ट हिल दफनभूमीत त्याची कबर आहे.

डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीग बेसबॉलने १९२० ते १९४८ मधल्या सात नीग्रो लीगना मेजर दर्जा दिला आणि मे २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत तक्त्यांत मिळवले. पेजचे विजय २८ वरून १२५ झाले; १९४४ मधली दर नऊ डावांमागे १.०१ धावा ही त्याची सरासरी एका मोसमाच्या सर्वकालीन यादीत तिसऱ्या क्रमांकावर आली. बिस्मार्क, विचिटा, त्रुहियोची राजधानी, फिरत्या संघांचे सामने आणि डिझी डीनविरुद्धच्या लढती यांतले काहीच त्या १२५ मध्ये नाही.