पाच मीटरची चूक : एअर रायफल आणि अंतराचा अदमास

मध्यम ताकदीच्या एअर रायफलमधून सुटलेला ५.५ मिलिमीटर व्यासाचा छर्रा ३० मीटर अंतर सुमारे ०.१८ सेकंदात कापतो. पापणी लवण्याइतकाच हा अवधी आहे, परंतु गुरुत्वाकर्षणाला तो पुरेसा होतो, कारण तेवढ्या वेळात छर्रा नळीच्या सरळ रेषेपासून १६ सेंटिमीटर खाली आलेला असतो. सेकंदाला ९०० मीटर वेगाने जाणारी बंदुकीची गोळी त्याच अंतरात जेमतेम अर्धा सेंटिमीटर खाली येते. म्हणूनच बंदूकधारी शिकाऱ्याला ३० आणि ४० मीटरमधला फरक जवळजवळ विसरता येतो, तर एअर रायफल वापरणाऱ्याचा नेम हात स्थिर असूनही केवळ अंतराचा अदमास चुकल्यामुळे वाया जातो.

हा प्रश्न केवळ नेम हुकण्याचा असता तर त्यावर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. इंग्लंड व वेल्समध्ये अग्निशस्त्राच्या परवान्याविना बाळगता येणाऱ्या एअर रायफलच्या ऊर्जेवर १२ फूट-पाउंडांची, म्हणजे सुमारे १६ जूलांची, कायदेशीर मर्यादा आहे, आणि या लेखातले हिशेब त्याच ताकदीच्या रायफलीचे आहेत. इतक्या ऊर्जेने उंदीर किंवा ससा तत्काळ मरतो तो छर्रा मेंदूत शिरला तरच, आणि ते लक्ष्य जेमतेम अडीच सेंटिमीटर रुंदीचे असते. तीन सेंटिमीटर खाली गेलेला छर्रा जबडा फोडतो आणि जखमी प्राणी झुडपात पळून जाऊन तासन्‌तास मरत राहतो. जिथे कायद्याने अशी शिकार करता येते तिथेही अंतर नीट न मोजता चाप ओढणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

छर्ऱ्याचा मार्ग नेमका कसा असतो ते आधी पाहू. दुर्बीण नळीच्या सुमारे साडेचार सेंटिमीटर वर बसवलेली असते, त्यामुळे नजरेची रेषा आणि नळीची रेषा कधीच एक नसतात. नळी किंचित वर रोखलेली असते. छर्रा खालून वर चढतो, नजरेची रेषा एकदा ओलांडतो, थोडा वेळ तिच्या वरून जातो आणि मग खाली येताना तीच रेषा दुसऱ्यांदा ओलांडतो. या दुसऱ्या छेदाच्या अंतराला नेमबाज ‘झिरो’ म्हणतात. समजा १ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७५ मीटर वेगाने सुटतो आणि रायफल २५ मीटरवर झिरो केलेली आहे. हवेचा रोध धरून हिशेब मांडला, तर पहिला छेद १० मीटरच्या आसपास पडतो, १८ मीटरवर छर्रा रेषेच्या सव्वा सेंटिमीटरहून थोडा कमी वर असतो, आणि ७ ते २८ मीटरपर्यंत तो रेषेपासून वर किंवा खाली साधारण सव्वा सेंटिमीटरच्या आतच राहतो. प्रत्येक रायफलीप्रमाणे आणि छर्ऱ्याप्रमाणे हे आकडे थोडे बदलतील, पण वक्राचा आकार बदलणार नाही.

त्या आकारातच सगळी मेख आहे. ७ ते २८ मीटरच्या पट्ट्यात अंतर दहा मीटरने चुकले तरी छर्रा लक्ष्यातच बसतो. त्यापलीकडे मात्र वक्र झपाट्याने कोसळतो : ३० मीटरवर छर्रा २ सेंटिमीटर खाली जातो, ३५ मीटरवर साडेपाच सेंटिमीटर आणि ४० मीटरवर जवळपास १० सेंटिमीटर. म्हणजे पाच मीटरची तीच चूक १५ मीटरवर निरुपद्रवी असते आणि ३५ मीटरवर घातक ठरते. दर मीटरमागे होणारे नुकसान अंतराबरोबर वाढत जाते, आणि दुर्दैव असे की अंतर ओळखण्याची आपली क्षमताही नेमकी त्याच दिशेने घटत जाते.

४.५ मिलिमीटरचा हलका छर्रा तेवढ्याच ऊर्जेत सेकंदाला २४० मीटरच्या आसपास वेगाने सुटतो, म्हणून त्याचा मार्ग अधिक सपाट असतो. ३० मीटरवर झिरो केल्यास त्याचा सुरक्षित पट्टा साधारण ९ ते ३४ मीटरचा होतो. जड छर्रा लागतो जोरात असे त्याचे समर्थक म्हणतात ते खरे आहे, परंतु ज्याचा अंतराचा अदमास अजून कच्चा आहे त्याने हलका छर्रा निवडावा असे माझे मत आहे.

आता डोळ्याकडे वळू. डोळा अंतर मोजत नाही, तो फक्त कोन मोजतो, आणि त्या कोनांवरून अंतराचा निष्कर्ष मेंदू काढतो. दोन डोळ्यांमध्ये सुमारे ६.३ सेंटिमीटर अंतर असते, त्यामुळे दोन्ही डोळ्यांना दिसणाऱ्या प्रतिमा किंचित वेगळ्या असतात, आणि या फरकावरून खोलीची जाणीव होते. तथापि हा फरक अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात क्षीण होत जातो. कोनातला ३० सेकंदांचा, म्हणजे एका अंशाच्या १२० व्या भागाचा, फरक ओळखू शकणारी नजर धरली तर १० मीटरवर दोन वस्तूंमधले सुमारे पाव मीटरचे अंतर जाणवते, आणि ३० मीटरवर दोन मीटरहून कमी अंतर जाणवतच नाही. शिवाय ही जाणीव ‘कोण पुढे, कोण मागे’ एवढेच सांगते. ‘किती मीटर’ हे ती सांगत नाही. डोळ्याच्या भिंगाला नजर स्थिरावण्यासाठी जो ताण पडतो त्यावरूनही अंतर कळते, पण तेही हातभर दोन हातांपुरतेच.

मग ३० मीटरवरचे अंतर आपल्याला कळते तरी कशाने? मुख्यतः जमिनीने. सपाट जमिनीवर उभी असलेली वस्तू जितकी दूर, तितकी ती क्षितिजाच्या जवळ दिसते, आणि क्षितिजापासून ती किती अंश खाली आहे हे मेंदू नकळत टिपत असतो. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, प्रिझमचा चष्मा लावून हा कोन कृत्रिमरीत्या वाढवला, तेव्हा लोकांना वस्तू प्रत्यक्षापेक्षा जवळ भासू लागली. आता उभ्या माणसाचा डोळा जमिनीपासून १.६ मीटर उंच असतो असे धरा. ३० मीटरवरची वस्तू त्याला क्षितिजाच्या ३.०५ अंश खाली दिसते, ३५ मीटरवरची २.६२ अंश खाली. हा फरक सुमारे ०.४ अंशांचा, म्हणजे जवळपास पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीएवढा आहे. हाच माणूस पोटावर झोपून डोळा ३० सेंटिमीटरवर आणतो तेव्हा हे कोन ०.५७ आणि ०.४९ अंश होतात, म्हणजे फरक उरतो तो एक दशांश अंशाहूनही कमी. नेम स्थिर राहावा म्हणून शिकारी आडवा होतो, आणि नेमक्या त्याच क्षणी अंतर ओळखण्याचे आपले सर्वांत चांगले साधन गमावून बसतो. म्हणून अंतर ठरवायचे ते उभ्याने, आणि आडवे व्हायचे ते नंतर.

जमीन सलग असावी ही मेंदूची दुसरी अट. १९९८ साली ‘नेचर’मध्ये तीन संशोधकांनी काही मीटरांच्या अंतरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यात असे दिसले की पाहणारा आणि वस्तू यांच्यामध्ये खड्डा असेल तर अंतर जास्त वाटते, आणि गवत संपून काँक्रीट सुरू व्हावे तसा जमिनीचा पोत मध्येच बदलत असेल तर ते कमी वाटते. शेताच्या बांधापलीकडे बसलेला ससा, ओढ्याच्या दुसऱ्या काठावरचे कबूतर किंवा नांगरलेल्या पट्ट्यानंतरच्या हिरवळीतला उंदीर, ही सगळी उदाहरणे याच सापळ्याची आहेत. धुके असेल तर वस्तूच्या कडा फिकट होतात आणि ती असते त्यापेक्षा दूर भासते.

झाडाच्या फांदीवरील पक्षी हा तर दुहेरी घोटाळा आहे. एक म्हणजे त्याच्या पाठीशी आकाश असते, जमीन नसते, त्यामुळे मेंदूला धरायला काहीच उरत नाही. दुसरे म्हणजे अंतर बरोबर कळले तरी ते जसेच्या तसे वापरता येत नाही, कारण गुरुत्वाकर्षण सरळ खाली ओढते आणि आपण तिरके नेम धरत असतो. नजरेच्या रेषेला काटकोनात असलेला गुरुत्वाचा भागच छर्ऱ्याला त्या रेषेपासून दूर नेतो, आणि तो कोनाच्या कोसाइनच्या पटीत कमी होतो. ४५ अंश वर असलेल्या, ३० मीटर दूरच्या पक्ष्यासाठी छर्ऱ्याची घसरण १६ ऐवजी सुमारे सव्वाअकरा सेंटिमीटर भरते. सपाट जमिनीचा हिशेब तसाच वापरला तर छर्रा जवळपास पाच सेंटिमीटर वरून निघून जातो. उंचावरून खाली नेम धरतानाही छर्रा वरच जातो, खाली नाही, आणि हे नवख्यांना सहसा पटत नाही. २० अंशांपर्यंत हा फरक सेंटिमीटरभराचाच असतो, त्यामुळे तो सोडून देता येतो. झाडाच्या बुंध्यापर्यंतचे आडवे अंतरच धरावे अशी एक जुनी युक्ती आहे, ती योग्य दिशेने नेते, पण ती ढोबळ आहे आणि तीव्र कोनात एअर रायफलच्या बाबतीत तीही काही सेंटिमीटरने फसवते.

दुर्बिणीतून पाहिल्यावर अंतराची जाणीव आणखी बिघडते, कारण तिथे एकच डोळा काम करतो आणि मोठी दिसणारी वस्तू जवळची भासते. परंतु दुर्बीण कोन मात्र फार चांगला मोजते. जिच्यात ‘मिलडॉट’ ठिपक्यांची खूण असते तिच्यात लगतच्या दोन ठिपक्यांमधला कोन, म्हणजे एक ‘मिल’, असा असतो की १००० मीटरवर तो १ मीटर व्यापतो आणि ३० मीटरवर ३ सेंटिमीटर. प्राण्याची उंची मिलिमीटरमध्ये घेऊन तिला ठिपक्यांच्या संख्येने भागले की अंतर मीटरमध्ये मिळते : १५ सेंटिमीटर उंचीचा, पाच मिल व्यापणारा बसलेला ससा ३० मीटरवर आहे. पद्धत मोहक आहे, पण तिचा सगळा भार प्राण्याच्या उंचीवर आहे. ससा अजून वाढीचा, १२ सेंटिमीटरचाच असेल, तर तो चारच मिल व्यापेल, हिशेब ३७.५ मीटर सांगेल, आणि त्याप्रमाणे नेम उचलला तर छर्रा चार सेंटिमीटर वर जाईल. प्राण्याऐवजी शेजारच्या कुंपणाचा खांब, विटांचा थर, अशी ठरलेल्या मापाची वस्तू मोजणे अधिक खात्रीचे. अनेक दुर्बिणींत हे ठिपके एका ठरावीक मोठेपणालाच, बहुधा दहापटीला, खरे असतात, आणि मोठेपणा बदलल्यावर हिशेब कोसळतो, हेही ध्यानात ठेवावे लागते.

दुसरा उपाय म्हणजे फोकस. दुर्बिणीच्या बाजूचे चाक फिरवून प्रतिमा सुस्पष्ट झाली की चाकावरचा आकडा अंतर सांगतो. पुढच्या भिंगाचे नाभीय अंतर २० सेंटिमीटर धरले तर वस्तू २० मीटरवरून ३० मीटरवर गेल्यावर प्रतिमेची जागा सुमारे ०.६७ मिलिमीटर सरकते, पण ४० वरून ५० मीटरवर गेल्यावर अवघी ०.२ मिलिमीटर. म्हणून चाकावर दूरचे आकडे एकमेकांना खेटून असतात आणि त्यांच्यातला फरक ओळखायला मोठेपणा फार लागतो. ‘फील्ड टार्गेट’ या, एअर रायफलच्या स्पर्धाप्रकारात ५५ यार्डांपर्यंतची, म्हणजे सुमारे ५० मीटरची, लक्ष्ये असतात आणि लेझर वापरायला बंदी असते. तिथले नेमबाज मोठमोठी चाके बसवून हीच युक्ती कमालीच्या बारकाईने वापरतात, आणि तापमान बदलले की चाकावरच्या खुणा सरकतात याचीही वेगळी नोंद ठेवतात.

दोन खिडक्यांतून एकच वस्तू पाहून तिच्या दोन प्रतिमा जुळवण्याचे यंत्र हे या साऱ्याचे पूर्वरूप म्हणता येईल. आर्किबाल्ड बार आणि विल्यम स्ट्राउड या ब्रिटनमधील दोन प्राध्यापकांनी १८८८ पासून ते विकसित केले आणि ब्रिटिश नौदलाने ते स्वीकारले. आपल्या दोन डोळ्यांमधले ६.३ सेंटिमीटर अंतर त्यांनी मीटरभराहूनही लांब केले एवढेच. तत्त्व तेच राहिले.

लेझर अंतरमापकाने हा प्रश्न बराचसा सोडवला आहे. प्रकाशाचा ठोका ३० मीटर जाऊन परत येण्यास सुमारे २०० नॅनोसेकंद लागतात आणि हा काळ मोजला की झाले. हातात धरायची यंत्रे साधारण एक मीटरच्या आसपास अचूक असतात, आणि या कामाला तेवढे पुरते. एकच सावधगिरी बाळगायची : वाटेत गवताचे पाते किंवा फांदी आली तर यंत्र निमूटपणे तिचे अंतर सांगते. म्हणून दोन-तीनदा मोजावे, आणि आकडे जुळले नाहीत तर प्राण्याशेजारच्या खोडावर किंवा दगडावर मोजावे.

यंत्र नसताना मला सर्वांत उपयोगी वाटते ती मात्र प्रश्नच बदलण्याची पद्धत. ‘हा ससा किती मीटरवर आहे?’ याचे उत्तर डोळा नीट देऊ शकत नाही; ‘तो २८ मीटरच्या आत आहे का?’ याचे उत्तर बरेच चांगले देतो, कारण इथे मोजायचे नसून ओळखीच्या एका लांबीशी तुलना करायची असते. ती लांबी डोळ्यात बसवण्याचा एकच मार्ग आहे : फिरताना कुठल्याही खोडाकडे पाहून मनात आकडा ठरवायचा आणि मग पावले मोजत तिथपर्यंत जायचे. आपले पाऊल नेमके किती सेंटिमीटरचे आहे हे आधी टेपने मोजून घ्यावे, नाहीतर चूक चुकीनेच तपासली जाते. अंतर मोठे असेल तर आधी त्याचा मध्य शोधावा, अर्ध्याचा अदमास करावा आणि दुप्पट करावी, कारण १५ मीटरचे अंतर डोळा ३० पेक्षा अधिक विश्वासाने ओळखतो. आणि एकाच जागी बसून प्रतीक्षा करायची असेल तर प्राणी येण्यापूर्वीच चारी दिशांना २८ पावलांवर नव्हे, २८ मीटरवर एकेक दगड ठेवून यावे. ससा दगडाच्या पलीकडे राहिला तर रायफल खालीच ठेवायची.