कॅसेटमधली फुंकर आणि तिच्यामागचं कुलूप

ऑक्टोबर २०२४ पासून स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात गेम घ्यायला गेलं की पैसे भरण्याआधी एक छोटीशी ओळ दिसू लागली. तिचा अर्थ असा की या खरेदीतून तुम्हाला त्या डिजिटल वस्तूचा परवाना मिळतो, मालकी नाही. कॅलिफोर्निया राज्यानं त्याच्या आदल्याच महिन्यात एक कायदा केला होता, १ जानेवारी २०२५ पासून तो लागू व्हायचा होता. डिजिटल वस्तू ‘विकत घ्या’ असं म्हणून विकायची असेल, तर ग्राहकाच्या हाती फक्त परवाना पडतोय हे त्याला स्पष्ट सांगा, असं हा कायदा म्हणतो.

ओळ वाचून बरेच गेमर चिडले. आमच्या लहानपणी असं नव्हतं, कॅसेट आणली की ती आपली, असा सूर निघाला. तो अर्धाच खरा आहे. कॅसेट आपली होती यात शंका नाही. पण ती कुठल्या यंत्रात चालेल, कोणी बनवायची, उसनी घेतलेली पुढे सरकेल की नाही, हे ठरवणारी कुलपं तेव्हाही होती. आणि मजा म्हणजे लहानपणच्या ज्या आठवणी आपण आज कौतुकानं सांगतो, त्यातल्या कितीतरी त्या कुलपांनीच दिलेल्या आहेत.

सुरुवातीला मात्र कुलूप नव्हतं. गेम बदलता येईल अशी कॅसेट घरगुती यंत्रात पहिल्यांदा आली ती १९७६ मध्ये, फेअरचाइल्ड कंपनीच्या ‘चॅनल एफ’ बरोबर. जेरी लॉसन या अभियंत्यानं त्या कामाचं नेतृत्व केलं. पुढच्याच वर्षी अटारीचं यंत्र आलं आणि कॅसेट घरोघरी पोचली. अटारीच्या यंत्राला कॅसेट कोणाची आहे याच्याशी देणंघेणं नव्हतं, खोबणीत बसली की चालली. म्हणूनच १९७९ मध्ये अटारीतूनच बाहेर पडलेल्या प्रोग्रामरनी अ‍ॅक्टिव्हिजन ही कंपनी काढून अटारीसाठीच गेम विकायला सुरुवात केली. त्यांचे गेम चांगले होते. पण त्यांच्यामागून जो तो या धंद्यात उतरला आणि बाजार रद्दी गेमनी भरून गेला. १९८३ मध्ये अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा धंदा कोसळला. न खपलेल्या कॅसेटी अटारीनं न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावाच्या कचराडेपोत पुरल्या. कित्येक वर्षं ही दंतकथा समजली जायची. २०१४ मध्ये खणून पाहिलं तेव्हा त्या खरोखरच सापडल्या.

जपानच्या निन्टेंडो कंपनीनं या पडझडीतून घेतलेला धडा साधा होता: आपल्या यंत्रात कोणाची कॅसेट चालेल हे आपणच ठरवायचं. १९८३ मध्ये जपानात आलेल्या तिच्या फॅमिकॉम या यंत्रात तशी सोय नव्हती. पण १९८५ मध्ये तेच यंत्र ‘एनईएस’ नावानं अमेरिकेत नेताना आत १०एनईएस नावाची चिप बसवली. एक चिप यंत्रात, तिची जोडीदार कॅसेटमध्ये. दोघींचं एकमेकींशी सतत जुळत राहिलं तरच गेम चालणार. दुसऱ्या कंपनीला कॅसेट काढायची तर निन्टेंडोची परवानगी हवी, कॅसेटी निन्टेंडोकडूनच बनवून घ्यायच्या, आणि वर्षाला ठरावीक संख्येहून जास्त गेम काढायचे नाहीत. अटारी गेम्सनं हे कुलूप फोडायचा प्रयत्न केला. त्यासाठी खोटं कारण सांगून चिपमधल्या प्रोग्रामची प्रत थेट अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयातून मिळवली. हे प्रकरण कोर्टात त्यांच्यावरच उलटलं.

आता कॅसेट चालेना की तिच्यात मारायच्या त्या फुंकरीकडे येऊ. एनईएस हे खेळण्यासारखं दिसू नये असं निन्टेंडोला वाटत होतं, कारण १९८३ नंतर दुकानदार ‘व्हिडिओ गेम’ हे शब्दच ऐकायला तयार नव्हते. म्हणून कॅसेट वरून न खोचता व्हीसीआरसारखी पुढून आत सरकवायची आणि खाली दाबायची अशी रचना केली. त्या दाबण्यानं आतल्या ७२ पिनांच्या कनेक्टरची पकड हळूहळू ढिली व्हायची. एखाद्या पिनेचा संपर्क जरा बिनसला की दोन्ही चिपांचं बोलणं तुटायचं. मग यंत्रातली चिप आपलं काम चोख बजावायची, म्हणजे यंत्र रीसेट करायची, सेकंदाला एकदा, पुन्हा पुन्हा. तोच तो लुकलुकणारा पडदा आणि तोच तो लाल दिवा.

लगेच कॅसेट काढायची, फुंकायची, परत घालायची. चाललं की फुंकरीचं श्रेय. खरं तर काम व्हायचं ते काढून पुन्हा घालण्यानं, पिना नव्या जागी टेकायच्या एवढंच. फुंकरीतल्या ओलाव्यानं उलट पट्ट्या गंजतात, म्हणून निन्टेंडो फुंकू नका असंच सांगत आली. पण ऐकतो कोण? १९९३ मध्ये एनईएसचं नवं, वरून कॅसेट खोचायचं मॉडेल आलं आणि त्यातून ती चिपच काढून टाकलेली होती. लुकलुकणं संपलं. म्हणजे एका पिढीनं ज्या त्रासावर घरगुती इलाज म्हणून फुंकर घातली, त्यातला मोठा वाटा धुळीचा नव्हताच, पहारेकऱ्याचा होता. फॅमिकॉमच्या नकला केलेली स्वस्त यंत्रं आणि शेकडो गेम एकत्र भरलेल्या कॅसेटी ज्यांनी वापरल्या, त्यांच्या यंत्रांत बहुधा ही चिप नव्हती. तिथे पडदा लुकलुकायचा नाही, पडद्यावर अक्षरांचा आणि ठोकळ्यांचा खिचडा व्हायचा. फुंकर मात्र तिथेही तेवढ्याच श्रद्धेनं घातली जायची.

गेम सेव्ह करण्याची कथा वेगळी आहे. तिथे अडवणूक कमी आणि काटकसर जास्त. सुरुवातीच्या बहुतेक कॅसेटींत काहीही लक्षात ठेवायची सोय नव्हती. म्हणून यंत्र रात्रभर चालू ठेवायचं, वर टॉवेल टाकायचा आणि कोणी बटण बंद करू नये अशी आशा करायची. काही गेम लांबलचक पासवर्ड द्यायचे, आणि वहीत उतरवताना शून्य आणि ओ यांत गल्लत झाली की सगळं गेलं. ‘लेजंड ऑफ झेल्डा’च्या कॅसेटमध्ये १९८७ मध्ये छोटी बॅटरी आली आणि खेळ आपल्यासाठी थांबून राहायला शिकला. त्यातही अट होतीच: बंद करताना रीसेटचं बटण दाबून धरायचं, नाहीतर साठवलेलं पुसलं जाण्याची भीती. त्या बॅटऱ्या आता एकेक करून मरतायत. पण ज्याला सोल्डरचा डाग देता येतो तो कॅसेट उघडून नवी बॅटरी बसवू शकतो. हा मुद्दा किरकोळ वाटेल, पण पुढचं सगळं रडगाणं याच मुद्द्याचं आहे.

कॉम्प्युटरवरची कुलपं कागदाची होती. फ्लॉपीची प्रत काढणं सोपं, म्हणून गेमबरोबर येणाऱ्या पुस्तिकेलाच किल्ली बनवलं. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’मध्ये पहिली पातळी पार केली की बाटल्यांनी भरलेली एक खोली यायची. पुस्तिकेतल्या अमुक पानावरच्या अमुक ओळीतल्या शब्दाचं पहिलं अक्षर शोधा आणि त्या अक्षराची बाटली प्या. चुकीची प्यायलात तर शिक्षा. ज्यांच्याकडे फ्लॉपी मित्राकडून आलेली, त्यांच्याकडे पुस्तिका कुठून असणार? बाटल्या पिऊन पिऊन अंदाज बांधणं हाच त्यांच्यासाठी गेमचा अवघड टप्पा होता. १९९० च्या ‘सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’मध्ये चाच्यांच्या चेहऱ्यांचं पुठ्ठ्याचं चक्र यायचं. चेहऱ्याचे वरचे-खालचे अर्धे भाग जुळवायचे आणि दिसेल तो आकडा द्यायचा. हे चक्र आज गेमइतकंच जपलं जातं. मला स्वतःला ही सगळ्यांत प्रेमळ अडवणूक वाटते. निदान ती करणाऱ्यानं हसवायचे कष्ट तरी घेतले होते.

निन्टेंडोच्याच १९९० च्या ‘स्टारट्रॉपिक्स’नं याहून कडी केली. गेमच्या डब्यात एक पत्र असायचं. खेळात एका ठिकाणी ते पत्र पाण्यात भिजवा असं सांगितलं जायचं, आणि खरोखरचं पत्र खरोखरच्या पाण्यात भिजवलं की त्यावर ७४७ हा आकडा उमटायचा. १९९८ मध्ये ‘मेटल गिअर सॉलिड’नं एका पात्राची रेडिओ फ्रिक्वेन्सी सीडीच्या डब्याच्या मागच्या बाजूला छापली होती, १४०.१५. नवा डबा विकत घेणाऱ्याला ही कल्पकता वाटली. भाड्यानं किंवा जुना गेम आणणाऱ्याला मात्र भिंत लागली. अमेरिकेत गेम भाड्यानं देण्यावर निन्टेंडोचा आधीपासूनच राग होता. भाड्यावर बंदी आणणं जमलं नाही, तेव्हा १९८९ मध्ये ब्लॉकबस्टर या भाड्याच्या दुकानांच्या साखळीवर तिनं खटला भरला तो पुस्तिकांच्या झेरॉक्स प्रती काढल्याबद्दल. कॅसेट भाड्यानं देता येईल, पण पुस्तिकेची नक्कल देता येणार नाही, अशी ती गंमत.

इथपर्यंतच्या सगळ्या कुलपांत एक समान गोष्ट होती. किल्ली आपल्याच घरात असायची: चिपमध्ये, पुठ्ठ्यावर, भिजलेल्या कागदावर. हरवली तर चूक आपली, आणि मित्राला फोन करून आकडा विचारला की काम भागायचं.

इंटरनेटनं ही किल्ली घराबाहेर नेली. तारीख सांगायची तर १६ नोव्हेंबर २००४. त्या दिवशी ‘हाफ-लाइफ २’ आला आणि दुकानातून डबा आणलेल्यांनाही तो स्टीमवर नोंदवल्याशिवाय खेळता येईना. पहिल्या दिवशी सर्व्हरवर गर्दी उसळली आणि हातात डिस्क असलेली माणसं पडद्याकडे बघत बसली. २००८ मध्ये ‘स्पोर’ आला तो फक्त तीन वेळा सक्रिय करता येईल या अटीवर. ग्राहकांनी अ‍ॅमेझॉनवर एकेका ताऱ्याचा पाऊस पाडला, तेव्हा मर्यादा वाढवली गेली. २०१० मध्ये यूबीसॉफ्ट या गेम कंपनीनं कॉम्प्युटरवरच्या ‘असॅसिन्स क्रीड २’ला सतत इंटरनेट लागेल असं केलं, तेही एकट्यानं खेळायच्या गेमला. सर्व्हर पडले की पैसे देणाऱ्यांचा खेळ बंद. फुकट चोरलेली प्रत पुढे यापेक्षा सुखात चालायची, हा या प्रकारातला नेहमीचा विनोद. मे २०१२ मध्ये ‘डायब्लो ३’च्या पहिल्या रात्री सर्व्हरवरच्या गर्दीमुळे दिसणारे ‘एरर ३७’ हे शब्द जगभर एकदम प्रसिद्ध झाले.

एकदा मात्र ग्राहकांचं चाललं. मे २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टनं एक्सबॉक्स वन हे गेमचं नवं यंत्र जाहीर केलं. यंत्रानं २४ तासांतून एकदा इंटरनेटवर हजेरी लावायची आणि जुने गेम विकण्यावर-देण्यावर बंधनं, असा बेत होता. जूनमध्ये प्लेस्टेशन बनवणाऱ्या प्रतिस्पर्धी सोनीनं गेम मित्राला कसा द्यायचा हे शिकवणारा एक व्हिडिओ काढला. त्यात एक माणूस दुसऱ्याच्या हातात डबा देतो आणि दुसरा आभार मानतो. काम झालं. त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टनं सगळे नियम मागे घेतले.

पण लढाई डिस्कवर जिंकली आणि तेवढ्यात लोकांनीच डिस्क घेणं कमी केलं. यात फक्त कंपन्यांना बोल लावणं बरोबर नाही. डाउनलोड सोयीचं होतं, सेल लागायचे, आणि २०१५ पासून स्टीम १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेल्या गेमचे पैसेही परत देऊ लागलं. फुंकणं नाही, ओरखडे नाहीत, पुस्तिका हरवण्याची भीती नाही. तक्रार करावी असं काही नव्हतं, बंद होण्याची वेळ येईपर्यंत.

मग ती वेळही आली. ‘पी.टी.’ हा २०१४ मध्ये फुकट दिलेला भयप्रद डेमो पुढच्या वर्षी दुकानातून काढला गेला, आणि तो ज्यात उतरवून ठेवलाय असे प्लेस्टेशन ४ चढ्या भावानं विकायला निघाले. मार्च २०२३ मध्ये निन्टेंडोनं ३डीएस आणि वी यू या आपल्या जुन्या यंत्रांची ऑनलाइन दुकानं बंद केली. त्याच वर्षी ‘व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन’नं अभ्यास करून सांगितलं की अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज सरळ मार्गानं विकत मिळत नाहीत. म्हणजे लहानपणचा गेम पुन्हा खेळायचा तर जुनी कॅसेट शोधा, नाहीतर आडवाटेनं जा.

सगळ्यात जास्त लागलं ते ‘द क्रू’चं. यूबीसॉफ्टच्या या गाड्यांच्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद झाले. एकट्यानं गाडी चालवायलाही सर्व्हर लागायचा, म्हणून डिस्क असलेल्यांचाही गेम संपला, आणि अनेकांच्या खात्यातून परवानाच काढून घेतला गेला. याउलट त्याच वर्षी सोनीनं ‘कॉन्कॉर्ड’ हा गेम दोन आठवड्यांत गुंडाळला, पण सगळ्यांचे पैसे परत केले. तिथे कोणी फारसं भांडलं नाही. ‘द क्रू’नंतर रॉस स्कॉट या यूट्यूबरनं ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम काढली. सर्व्हर कायम चालवा अशी तिची मागणी नाही. बंद करताना गेम चालता राहील अशी तजवीज करून जा, एवढंच ती म्हणते. युरोपीय संघाकडच्या तिच्या अर्जानं जुलै २०२५ मध्ये दहा लाख सह्या ओलांडल्या. असं करणं खर्चिक आणि धोक्याचं होईल, असं उद्योगाचं उत्तर आहे. काही गेमबाबत ते खरंही असेल. एकट्यानं खेळायच्या गेमबाबत मला ते पटत नाही.

दरम्यान जून २०२५ मध्ये निन्टेंडोचं स्विच २ हे यंत्र आलं आणि त्याबरोबर ‘गेम-की कार्ड’ नावाची कॅसेट. दिसायला कॅसेट, खोचायचीही तशीच, पण आत गेम नाही. गेम इंटरनेटवरून उतरवायचा आणि खेळताना कार्ड खोचून ठेवायचं. एवढं मात्र खरं की हे कार्ड मित्राला देता येतं, जुनं म्हणून विकताही येतं. डाउनलोडच्या परवान्याला तेही नाही. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानं यातली आणखी एक फट ओळखली आहे: जो गेम उतरवून कायमचा इंटरनेटशिवाय वापरता येतो, त्याला परवान्याची ती ओळ लिहिण्याची सक्ती नाही. २००८ पासून कुलपाविना गेम विकणारं जीओजी याच फटीत दुकान मांडून बसलंय.

आणि यूबीसॉफ्टनं सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलं की ‘द क्रू २’ आणि ‘द क्रू मोटरफेस्ट’ या दोन्हींना इंटरनेटशिवाय खेळण्याची सोय दिली जाईल. ज्या पहिल्या गेमवरून एवढा गदारोळ झाला, त्याला ती मिळणार नाही.