आमच्या ताटात काय असतं आणि का
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक, पणजी)

'हेल्दी' हॉटेल म्हटलं की किनोआ, अव्होकाडो, बदामाचं दूध, असं धरून पुष्कळ मंडळी आमच्याकडे येतात आणि मेनूवर उकड्या तांदळाची पेज बघून थबकतात. त्यांच्यासाठी हे पत्रक. स्मूदी आणि सॅलड पणजीत आता जागोजागी मिळतं, ज्यांना आवडतं त्यांनी जरूर खावं. आमचं म्हणणं एवढंच की गोव्याच्या घरांत रोज जे रांधलं गेलं त्यात सकस पदार्थ भरपूर आहेत. ते ताजे, बेताच्या तेलात मिळावेत म्हणून हे हॉटेल काढलं.

खतखतें हा आमचा सगळ्यात लाडका पदार्थ. मुळा, भोपळा, कणगी (एक कंद), शेवग्याच्या शेंगा आणि हंगामात मिळेल ती आणखी भाजी तूरडाळीबरोबर शिजते. वर नारळाचं वाटण, आमसोल, थोडा गूळ, आणि उतरवायच्या आधी ठेचलेली तिरफळं. फोडणी नाहीच, म्हणजे तेलाचा थेंबही नाही. तिरफळाची बी आम्ही काढूनच टाकतो. साल चुकून दाताखाली आलीच तर जीभ थोडा वेळ झिणझिणते, घाबरू नका. तेल नसलं तरी नारळ आहे, आणि नारळात संपृक्त चरबी असते. कोलेस्टेरॉलसाठी पथ्य असेल तर सांगा, कमी वाटणाची वाटी वेगळी काढून देतो. सोलकढीही नारळाच्या रसाशिवाय, नुसत्या आमसोलाची मिळते.

भात उकड्याचाच. साळ उकडून वाळवून भरडली की कोंड्यातली ब-गटाची जीवनसत्त्वं दाण्यात उतरतात, ती सुरय (न उकडलेल्या) तांदळात फारशी उरत नाहीत. तरी मधुमेह असणाऱ्यांनी उकडा आहे म्हणून दोनदा वाढून घेऊ नये. गुळाचंही तसंच. नाचणीच्या तिजाणात (पातळ खिरीत) आम्ही गूळ घालतो तो चवीसाठी, रक्तातली साखर त्यानेही चढते. 'शुगर फ्री' अशी पाटी आमच्याकडे दिसणार नाही. बिनगुळाचं तिजाण मागितलं तर मिळेल.

नाचणी सत्तरी, सांगे, काणकोणच्या डोंगरउतारांवरच्या कुमेरीतलं (झाडोरा जाळून केलेल्या फिरत्या शेतीतलं) जुनं पीक. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष पाळलं आणि शहरातल्या मेनूंवर तिला मान मिळाला, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. वाढत्या वयाच्या मुलांना भाकरी खाववत नसेल तर आंबोळी द्या.

ग्लूटेनबद्दल, म्हणजे गव्हातल्या चिकट प्रथिनाबद्दल, कृपया नीट वाचा. नाचणीत आणि तांदळात ग्लूटेन नसतं, पण आमच्याच स्वयंपाकघरात गव्हाची पोळी गरम होते आणि पीठ हवेत उडतं. 'ग्लूटेन फ्री' म्हणायला किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत ग्लूटेन हवं, तशी हमी आम्ही देऊ शकत नाही. सीलिअ‍ॅक आजार (ज्यात ग्लूटेन अजिबात चालत नाही) असणाऱ्यांनी आमच्याकडे जेवू नये, हे स्पष्टच सांगतो. शेंगदाणे, काजू किंवा सुंगटांची (कोळंबीची) अ‍ॅलर्जी असेल तर ऑर्डर देण्याआधी सांगा, नंतर नको.

मासळी तव्यावर नाहीतर केळीच्या पानात. बांगडा आणि तारले (सार्डिन) जास्त ठेवतो, कारण ओमेगा-३ त्यांत भरपूर आणि भाव इसवणापेक्षा (सुरमईपेक्षा) कितीतरी कमी. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात, त्या काळात बर्फातली मासळी आणून ताजी म्हणून वाढत नाही. तेव्हा तायकिळ्याची (टाकळ्याची) भाजी, अळू, फागलां (कर्टोली), आणि सुक्या सुंगटांची किसमूर (खोबरं घातलेली कोशिंबीर). किसमूर खारट असते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते, म्हणून रक्तदाबवाल्यांनी चवीपुरतीच घ्यावी. पावसात रानातली वारुळावरची अळमी (अळंबी) मात्र आमच्याकडे मागू नका. ती ओरबाडून नेली तर पुढच्या वर्षी उगवणार कुठून?

तळण फार थोडं, आणि तळलेलं तेल पुन्हा कढईत घालत नाही. बघायचं असेल तर स्वयंपाकघरात या, फक्त जेवणाच्या गर्दीत नको.

दुपारचं जेवण १२ ते ३. खतखतें सहसा दोनच्या आत संपतं, हवं असेल तर सकाळीच फोन करून वाटी राखून ठेवायला सांगा. पार्सलसाठी घरचा डबा आणलात तर फारच उत्तम.